शाइबोरला हाक मारू नका

बाह मूनस्टारला गाता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. चर्चमध्ये त्याला मागच्या बाकावर बसवायचे आणि वर म्हणायचे, "तू नुसते ओठ हलव, बाह, देवाला पोचतं." गिटार हातात घेतली की तार तुटलीच म्हणून समजा. चित्र काढलं तर गाय काढलीय की पलंग, ते त्यालाच विचारावं लागायचं. आणि अख्ख्या शिलाँगमधल्या निम्म्या पोरापोरींना 'तू गाणारी आहेस', 'तू चित्रकार आहेस' हे पहिल्यांदा सांगितलं कुणी? याच बेसूर माणसानं.

नावावर हसू नका. आमच्याकडे आईबापांना इंग्रजी शब्दाचा नाद आवडला की झालं बारसं. त्याच्या थोरल्या भावाचं नाव फ्रायडे, आणि तो जन्मला मंगळवारी. मी त्यातल्या त्यात बरी, काँग थ्रिन. बाह म्हणजे दादा, काँग म्हणजे ताई. शिलाँगच्या लाइतुमख्राह भागात चढावर माझं जादोहचं दुकान आहे. डुकराच्या रश्शातला भात, सुक्या मासळीची चटणी, लाल चहा. मूनस्टार सरकारी जनावरांच्या दवाखान्यात लसींचा फ्रीज सांभाळायचा. दिवसभर त्या फ्रीजची घरघर ऐकायची आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचं. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "कोण करणार गं माझ्याशी? मी जेवताना पण दुसऱ्याचं गाणं ऐकतो."

खोटं नव्हतं ते. चालता चालता मध्येच थबकायचा. कुणाच्या तरी गॅरेजमधून, कुणाच्या तरी पत्र्याखालून काहीतरी ऐकू यायचं आणि हा सरळ दार वाजवायचा. "कोण वाजवतंय? शनिवारी दुपारी काँग थ्रिनकडे ये." घर माझं, बोलावणं याचं! मागच्या खोलीत माझी बटाट्याची पोती, त्या पोत्यांवर बसून शनिवारची मैफल. काय काय आणायचा! एक मुलगा कुकरची झाकणं टांगून बडवायचा. एक मुलगी चहाच्या चोथ्यानं चादरी रंगवायची आणि वाळल्यावर त्यावर सुईनं भोकं पाडायची, म्हणे हा आमच्या गल्लीचा नकाशा. डामे नावाचा एक लांबोडका पोरगा होता, तो यंत्रातून धुक्यावर चित्रं पाडायचा. पडद्यावर नाही, धुक्यावर. धुकं सरकलं की चित्र गेलं. मी म्हटलं, "अरे, मग उपयोग काय?" तर मूनस्टार माझ्यावरच खेकसला, "काँग, तू भात बघ!"

"भात बघतेच आहे. हे गाणं आहे की कुकर बिघडलाय, तेवढं सांग."

"गप्प बस. तिसऱ्या मिनिटाला येतंय."

आणि खरंच, तिसऱ्या मिनिटाला काहीतरी यायचं. अंगावर काटा यायचा. मला राग यायचा तो याचाच की मेल्याचं दर वेळी खरं व्हायचं.

त्याची एक पद्धत होती. घरी आलेल्याच्या हातावर क्वाय ठेवायची, म्हणजे ओली सुपारी, पानाला चुना लावून, हे आमच्याकडे वैऱ्यालाही चुकत नाही. तेव्हा पहिली क्वाय तो सगळ्यांनाच द्यायचा. गाणं ऐकताना डोळे मिटून बसायचा, टाळी कधीच वाजवली नाही. गाणं संपल्यावर आवडलं तर पिशवीतून दुसरी क्वाय काढून द्यायची. बस्स. ती दुसरी क्वाय मिळाली की पोरं रस्त्यात उड्या मारत जायची. कारण मग मूनस्टार ते गाणं किंवा चित्र स्वतः त्याच्या इंटरनेटच्या पानावर चढवायचा, आणि त्याचं ते पान कुठकुठले कान टवकारून बसलेले लोक बघत असत. बंगळूर, कलकत्ता, पार परदेशातले. तिथून पोरांना बोलावणी यायची.

आणि त्या पानावर दर गाण्याखाली तो एकच गोष्ट लिहायचा. हे घ्या, वाजवा, बदला, आपल्या गाण्यात मिसळा, कुणाची परवानगी नको. याच्यामागे कारण होतं. तरुणपणी त्याचा एक जिवलग दोस्त होता. दोस्ताची गाणी एका कंपनीनं घेतली आणि अशी दाबून ठेवली की पुढे त्याला स्वतःच्या मुलीच्या लग्नात स्वतःचं गाणं म्हणता येईना. तेव्हापासून मूनस्टारचं ठरलं, गाणं कुलपात ठेवायचं नाही. इथल्या सगळ्या पोरांनीही तेच डोक्यात घेतलं होतं. कुणी 'हे माझं, हात लावू नका' म्हटलं तर बाकीचे त्याला दुकानदार म्हणून चिडवायचे. मी समोर उभी असायची, दुकानदार! कुणाला लाज नाही.

अशाच एका शनिवारी इबानरी आली. खाली दरीतल्या गावाची, इथं कॉलेजला. ओठ घट्ट मिटलेले, खांद्यावर बांधलेल्या जैनसेम वस्त्राची गाठ सारखी चाचपत बसलेली. तिच्या गावची रीत आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं मूल जन्मलं की आई त्याच्यासाठी एक सूर बांधते. शब्द नाहीत, नुसता सूर. कागदावरचं नाव वेगळं असतं, पण खरं नाव तो सूर. पोरगं पलीकडच्या डोंगरावर असलं तरी आई त्या सुरात हाक मारते आणि ते तिकडून ओ देतं. एकाचा सूर दुसऱ्याला लावत नाहीत. आणि माणूस गेलं की त्याचा सूरही गेला. पुन्हा कुणी तो तोंडातून काढायचा नाही, आईनंसुद्धा नाही.

इबानरीनं फोनवर आपल्या आईची हाक धरून आणली होती. थोरल्या भावाला, शाइबोरला, जेवायला बोलावतानाची. त्या हाकेखाली तिनं पत्र्यावरचा पाऊस ठेवला होता, मधमाश्यांची गुणगुण ठेवली होती आणि स्वतःचाच आवाज एकावर एक रचला होता. मी पळी हातात घेऊन दारात उभी होते ती तशीच राहिले. रस्सा करपला. करपू दे म्हटलं.

गंमत म्हणजे शाइबोर स्वतः तिथं होता. कड्यावरचा मध काढायचा तो, बहिणीला सोडायला म्हणून मधाची बाटली घेऊन आलेला. गाण्यात आईची हाक आली की हा पोत्यावरून सवयीनं म्हणायचा, "ओ!" पुन्हा हाक, पुन्हा "ओ!" खोली हसून हसून लोळायला लागली. बिचारा कानापर्यंत लाल झाला. "काय करू, तोंडातून निघतंच," म्हणाला.

मूनस्टार हसला नाही. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. त्यानं इबानरीला दुसरी क्वाय दिली, आणि शाइबोरलाही एक दिली. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

गाणं पानावर चढवण्याआधी तो मुद्दाम गावी जाऊन आईला विचारून आला. माणूस सरळ होता हो. आई त्याला म्हणाली, "सगळ्या जगानं माझ्या पोराला जेवायला हाक मारली तर वाईट काय आहे?" माणूस गेल्यावर काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. कोण विचारणार? पोरगा विशीतला, झाडावर माकडासारखा चढणारा.

डामेनं त्या गाण्यासाठी दरीतल्या धुक्यावर चित्रं पाडली, त्याची फिल्म केली. आणि मग ते गाणं जे सुटलं ते सुटलंच. बंगळूरच्या कुणी त्यावर नाचायचा ठेका बसवला. कुणी लहान मुलांना झोपवायला केलं. पोरी त्यावर केस विंचरतानाचे व्हिडिओ टाकायला लागल्या. आमच्या टॅक्सीवाल्यांच्या फोनची रिंग ती. एका मालट्रकवाल्यानं तर गाडी मागं घेताना वाजणाऱ्या भोंग्यात बसवली. मूनस्टार चढावर उभा राहून ऐकायचा आणि मला हाक मारायचा, "काँग, ऐकलंस? ट्रकसुद्धा गातोय!" परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या मेळ्याचं इबानरीला आमंत्रण आलं. त्या दिवशी मूनस्टारनं माझ्या दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना क्वाय वाटली, ट्रॅफिक पोलिसालासुद्धा.

आणि मग शाइबोर मधाच्या कड्यावरून पडला.

दोर तुटला की पाय सटकला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मूनस्टार आणि मी मातीला गेलो होतो.  डोंगरांवरून एरवी दिवसभर हाका चाललेल्या असतात, त्या दिवशी एक नाही. इबानरी मूनस्टारला एवढंच म्हणाली, "बाह, ते काढून टाका."

"आजच काढतो," तो म्हणाला. त्यांच्या घराच्या पायरीवर बसूनच त्यानं पानावरून गाणं पुसलं, डामेनं फिल्म पुसली. झालं, असं आम्हाला वाटलं. किती खुळे होतो आम्ही!

काही दिवसांनी शाइबोरची आई सुपारी विकायला शिलाँगला आली. मोठ्या बाजारातून टॅक्सीत बसली, आणि टॅक्सीवाल्याचा फोन वाजला. तिचाच आवाज. तिच्याच तोंडची हाक, मेलेल्या पोराला. ती चालत्या गाडीतून उतरायला गेली. टॅक्सीवाल्यानं घाबरून तिला माझ्या दुकानापाशी आणून सोडलं. मी चहा दिला, तो तिनं हातात तसाच धरून ठेवला. मूनस्टारला बोलावून घेतलं.

आमच्यात माणूस गेलं की म्हणतात, तो देवाच्या घरी क्वाय खायला गेला. ती बाई मूनस्टारकडे बघून सावकाश म्हणाली, "बाह, माझं पोर तिथं क्वाय खायला बसतं न बसतं तोच इथून कुणी हाक मारतं. ते ओ देणारं पोर आहे. आईची हाक आली की उठतं. क्वाय टाकून उठतं. सारखं उठतं, सारखं येतं, आणि इथं कुणीच नसतं. त्याला बसू द्या हो."

"मेई, मी बंद करतो," मूनस्टार आई म्हणूनच तिच्याशी बोलला. "सगळीकडचं बंद करतो. मी पसरवलं, मीच गोळा करतो."

मी तेव्हाच त्याच्याकडे बघितलं. सांडलेली मोहरी गोळा करायला निघाल्यासारखा चेहरा होता.

पण केलं त्यानं. रजा काढली. टॅक्सी स्टँडवर जाऊन एकेका ड्रायव्हरला हात जोडले. आमची माणसं चांगली, ऐकल्याबरोबर फोनमधून काढून टाकायची, वर दोन शब्द हळहळायची. दुसऱ्या दिवशी गुवाहाटीहून आलेली गाडी तेच वाजवत चढ चढायची. ट्रकवाल्यानं भोंगा बदलला, तसे आणखी तीन ट्रक तोच भोंगा लावून आले. इंटरनेटवर ज्यांनी ज्यांनी घेतलं होतं त्या सगळ्यांना मूनस्टार आणि डामे विनवत बसायचे. काही जण काढायचे. काही जण म्हणायचे, अहो, तुम्हीच तर लिहिलं होतं, परवानगी नको म्हणून. ते खरंच होतं.

"बाह," डामे म्हणाला, "एकीकडे उपटलं की दुसरीकडे उगवतंय. मी धुक्यावर चित्र काढायचो कारण ते जातं. हे जातच नाही."

मग मूनस्टारला कुणी सुचवलं की वर्तमानपत्रात आवाहन करा. केलं. 'शाइबोरला हाक मारू नका' असं मोठ्या अक्षरात छापून आलं, खाली आईचं दुःख, गावची रीत, सगळं. लोकांना फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं की त्यांनी शाइबोरच्या आठवणीसाठी म्हणून तोच सूर पुन्हा गायला! कुणी व्हायोलिनवर, कुणी मेणबत्त्या लावून, शाळेतल्या मुलांचा अख्खा समूह एका सुरात. ज्यांनी आधी ऐकलं नव्हतं त्यांनीही ऐकलं. कुठल्याशा देशातून एका बाईचा निरोप आला, आम्ही तुमच्या शाइबोरसाठी रोज सकाळी हे लावतो.

मूनस्टार माझ्यासमोर बसून तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत होता. "काँग, ही बाई चांगली आहे गं," म्हणाला. "हिला शिवी पण देता येत नाही."

"मला येते," मी म्हटलं आणि दिली. पण शिवीचा काय उपयोग होता?

इबानरी परदेशी गेली नाही. मेळ्याला तेच गाणं हवं होतं, ती नाही म्हणाली, त्यांनी दुसरं कुणी बोलावलं. कॉलेज सोडून ती गावी परतली, तिथल्या शाळेत लहान मुलांना शिकवते. गाते का विचारलं तर म्हणते, "मुलांच्या कविता घेते की." मूनस्टारच्या सगळ्या शोधांत तिच्यासारखा दुसरा नव्हता. ते तो कधी बोलला नाही, पण शनिवार आला की मागच्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसायला लागला. नवी पोरं यायची. "बाह, एकदा ऐका ना. पाचच मिनिटं." तो पहिली क्वाय द्यायचा, पाठीवर हात फिरवायचा. "नको रे बाळा. माझे कान गुंतलेत." पोरं हिरमुसून जायची. कुकरची झाकणं अजून तिथंच टांगलेली आहेत, मीही काढली नाहीत.

पुढच्या सुपारीच्या हंगामात शाइबोरची आई पुन्हा आली. मूनस्टार तिला तोंड दाखवायला तयार नव्हता. दवाखान्यातून मी त्याला हाताला धरून आणला. तो तिच्यापुढे उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा, मान खाली.

"मेई, मला नाही जमलं. जेवढं केलं तेवढं वाढलं. मी काहीच करू शकत नाही."

मला वाटलं आता बाई बोलेल. बोलायला हवं होतं तिनं, चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं कमरेच्या पिशवीतून क्वाय काढली, त्याच्या हातावर ठेवली. रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मग निदान ओ तरी दे."

"कोण, मी?"

"आमच्या गावात ते वाजत नाही. इथं वाजतं, आणि इथं तू आहेस. हाक आली आणि कुणीतरी ओ दिली की हाक संपते. मग त्याला उठावं लागायचं नाही."

मूनस्टार गोंधळला. "मेई, माझ्या गळ्यात सूर नाही. चर्चमध्येसुद्धा मला..."

"ओ द्यायला सूर कशाला लागतो रे?" ती म्हणाली. आणि सुपारीची टोपली उचलून निघून गेली.

तेव्हापासून त्यानं दुसरं काही केलं नाही. बाजारात कुणाच्या फोनवर ती हाक आली की हा गर्दीत उभा राहून म्हणायचा, "ओ!" टॅक्सी गेली, "ओ!" ट्रक मागं सरकतोय, हा फुटपाथवरून मोठ्यांदा, "ओ!" दवाखान्यात हातात गाईची लस आणि तोंडानं ओ. लोक आधी दचकले, मग हसले, मग सवय झाली. कॉलेजची कार्टी त्याला बघून मुद्दाम लावायची, ओ म्हणतो का बघायला. तोही म्हणायचा. एकदा मी त्या कार्ट्यांच्या मागं पळी घेऊन धावले, तर मलाच अडवलं. "जाऊ दे, काँग. चेष्टेनं मारली तरी हाक ती हाकच."

"अरे, पण किती ठिकाणी पुरणार तू? या गल्लीत ओ देशील. त्या निरोपवाल्या बाईच्या देशात रोज सकाळी कोण देणार?"

 मी हे विचारायला नको होतं असं मला नंतर पुष्कळदा वाटलं, पण विचारलं ते खरंच होतं, आणि त्यालाही ते माहीत होतं. त्यानंतर तो घरी बसूनही अधूनमधून ओ म्हणायला लागला. कुठं काही वाजलेलं नसायचं. "असेल कुठेतरी," म्हणायचा.

या थंडीत त्याची छाती भरली. आता मोठ्या दवाखान्यात आहे, तोंडावर ती हवेची वाटी लावलेली. परवा भेटायला गेले तर पलीकडच्या खाटेवरच्या माणसाच्या नातवाचा फोन वाजला. तोच सूर. मूनस्टारला बोलता येत नाही, त्यानं पांघरुणातून हात वर केला, शाळेत हजेरी देतात तसा. हात खाली पडायच्या आत पुन्हा वाजला. पुन्हा वर केला. मी त्या नातवावर ओरडून वॉर्ड डोक्यावर घेतला, नर्सनं मला बाहेर काढलं. दारातून बघितलं तर मूनस्टार माझ्याकडेच बघत होता आणि बोटानं खिडकीबाहेर दाखवत होता. बाहेर शहर होतं, टॅक्स्या, ट्रक, फोन, आणखी काय असणार!

आज दुपारी दुकानात पाहुणी मंडळी बसली होती, फिरायला आलेली, कुठली कोण जाणे. माझे हात कोपरापर्यंत भातात. त्यातल्या एका मुलीनं टेबलावर फोन ठेवला आणि गाणं लावलं. पत्र्यावरचा पाऊस, मधमाश्या, आणि मग हाक. मी थांबले. सवयीनं दाराकडे बघितलं, आता तो म्हणेल. दारात कुणी नव्हतं. हाक दुसऱ्यांदा आली. त्याच्या आईचा आवाज किती गोड आहे हो, जेवण तयार आहे, लवकर ये असं म्हणणारा.

"ओ," मी म्हटलं.

मंडळींना वाटलं मी त्यांनाच ओ दिली. "चटणी आणा थोडी," त्यांनी सांगितलं. मी हात पुसले, चटणीची वाटी भरली आणि भांड्यांकडे तोंड करून हळूच म्हटलं, "बस रे शाइबोर, उठू नकोस. तुझी क्वाय खा."

चटणी वाढून होते न होते तोच त्या मुलीनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.